पत्ता असलेलं पान

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर बसून तू पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची पानं बघत असतोस आणि आपण उशिरा जन्मलो असं तुला वाटत राहतं, हे वाचून मला आनंद झाला. तुझ्या वयाच्या कुणाला त्याची ओढ वाटत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या काळात मी एका मराठी दैनिकाच्या वेब विभागात होते, त्यामुळे तू पडद्यावर जशी पानं बघतोस तशी मी रोज रात्री हाताने चढवलेली आहेत. आठवण मलाही येते. पण नेमकी कशाची येते हे उमगायला मला बरीच वर्षं लागली. तू वेबसाइट बांधायचं काम आत्ता कुठे शिकतो आहेस, तुला ते लवकर कळावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सरकत्या पट्ट्या, लुकलुकणारी अक्षरं, पानाच्या तळाशी पाहुण्यांची संख्या दाखवणारे काउंटर, ‘काम चालू आहे’ म्हणत फावडं मारणारा तो चिमुकला कामगार, हे सगळं तुला फार आवडलेलं दिसतं. मलाही आवडतं. पण तो वरचा साज झाला. तसं पान तू एका दुपारी बनवशील आणि संध्याकाळी पुन्हा तीच हुरहुर लागेल. त्या काळी आपण इंटरनेटवर कुठेतरी जात होतो, हे त्यातलं खरं. प्रत्येक पानाला पत्ता होता. तो आपण स्वतः टाइप करायचो, नाहीतर कुणा माणसाने दिलेल्या दुव्यावरून तिथे पोचायचो. आज जावं लागत नाही, कुणीतरी समोर आणून टाकतं. ब्राउझिंगमधले बाकीचे बदल यातूनच निघाले असं माझं ठाम मत आहे.

भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून, आधी मोजक्या महानगरांत. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. स्वस्तातलं होतं ते शेल अकाउंट, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ब्राउझरचं नाव लिंक्स. त्यात ना चित्र ना माउस, बाणांच्या कळा दाबत एका दुव्यावरून पुढच्या दुव्यावर जायचं. मोडेमने नंबर फिरवला की घरचा फोन अडकून पडायचा. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि फोनच्या कॉलचे वेगळे. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ही सेवा द्यायची मुभा मिळाली आणि मग शहरांत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. सुरुवातीला तासाला साठ-सत्तर रुपये मोजलेले मला आठवतात, पुढे ते वीस-पंचवीसवर आलं.

घड्याळ चालू आहे म्हटल्यावर माणूस तयारीने जायचा. खिशात चिठ्ठी असायची, तिच्यावर उघडायचे पत्ते आणि शोधायचे विषय. तिथे बसून वाचणं परवडायचं नाही, म्हणून पान फ्लॉपीवर उतरवून घ्यायचं आणि नंतर निवांत वाचायचं. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पान ‘सेव्ह’ केलं की एक फाइल तयार व्हायची आणि तिच्याशेजारी त्याच नावाचं, मागे ‘फाइल्स’ असं शेपूट लावलेलं, एक फोल्डर. सगळी चित्रं त्या फोल्डरमध्ये. नवखा माणूस नुसती फाइल घेऊन घरी जायचा आणि उघडून बघतो तो चित्रांच्या जागी रिकामे चौकोन, कोपऱ्यात लाल फुल्या. सरावलेला माणूस फोल्डरही न्यायचा. पण फ्लॉपीत जागा १.४४ एमबी, मग कुठली चित्रं ठेवायची आणि कुठली टाकायची हे खुर्चीवर बसल्या बसल्या ठरवायचं, तेही मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असताना. हा सगळा त्रासच होता, त्याचे गोडवे मी गाणार नाही. मात्र इतकं करून घरी आणलेलं पान वाचलं जायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुझ्या ब्राउझरमध्ये आत्ता किती टॅब उघडे आहेत आणि त्यांतले किती तू वाचणार आहेस, हे एकदा बघ.

आता दुव्याबद्दल लिहिते, कारण तुझ्या कामाचं मूळ तिथे आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची रचना केली तेव्हा दुवा एकतर्फी ठेवला. त्याआधीच्या काही प्रणालींत दुवा दोन्ही टोकांना नोंदवलेला असे. तो तुटत नसे, पण त्यासाठी कुणीतरी मध्ये बसून नोंद ठेवावी लागे. वेबवर मला तुझ्या पानाचा दुवा द्यायचा तर तुझी परवानगी लागत नाही, तुला त्याचा पत्ताही लागत नाही. तू पान हलवलंस तर माझा दुवा तुटतो, ही त्याची किंमत. मग ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सगळं तंत्र जगाला विनामूल्य खुलं केलं. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाने किल्ल्यांवरचं पान केलं आणि ते न्यू जर्सीतल्या कुणी वाचलं, तर मध्ये कुणाला विचारावं लागलं नाही, ते या दोन निर्णयांमुळे.

मिळालेल्या मोकळिकीचं लोकांनी काय केलं? दुव्यांच्या याद्या केल्या. १९९४ मध्ये जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या अशाच यादीतून याहू उभं राहिलं. पुढे तिथे पगारी माणसं बसून साइट बघायची आणि ती कुठल्या विभागात घालायची हे ठरवायची. हौशी माणसाच्या पानावर ‘माझे आवडते दुवे’ हा भाग हमखास असायचा. एका विषयाची पानं एकमेकांना गोलात जोडणारी वेबरिंग असायची, त्यात ‘पुढचं’ दाबत गेलं की फिरून आपण पहिल्या पानावर यायचो. गूगल १९९८ मध्ये आलं ते याच दुव्यांच्या जोरावर. कुठलं पान चांगलं हे त्यांनी कसं ओळखलं, तर किती जणांनी आणि कुणी कुणी त्याचा दुवा दिला आहे त्यावरून. हौशी लोकांनी आवडीने, एक पैसा न घेता केलेली निवड हीच त्या शोधयंत्राची अक्कल होती. हे तू नीट लक्षात ठेव, कारण याच्या उलट बाजूनेच पुढची पडझड झाली.

लोकांनी दुवे देणं सोडलं. त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, जागाच तशा मिळत गेल्या. इन्स्टाग्रामवर फोटोखाली पत्ता लिहिलास तरी तो दाबून कुठे जाता येत नाही, म्हणून जो तो ‘लिंक बायोमध्ये’ असं लिहितो. व्हॉट्सॲपवर अख्खा लेख कॉपी होऊन फिरतो, मूळ लेखकाचं नाव गळून पडतं, पुष्कळदा दुसऱ्याच थोर माणसाचं चिकटतं, आणि तो आला कुठून हे शोधायला काही धागा उरत नाही. माणसं आपल्या पानावर दुसऱ्याचं पान सुचवत होती तेव्हा यंत्रालाही त्यातून चांगलं-वाईट कळत होतं. तो आधार कमकुवत झाला, आणि उरलेल्यांत पैसे देऊन लावलेले दुवे वाढले. काही शोधायला गेलं की ओळीने सारखेच पोकळ लेख दिसतात अशी तुझी तक्रार आहे ना, त्याच्या कारणांपैकी हे एक मोठं कारण आहे. हल्ली तर निकालांच्या वर यंत्राने लिहिलेलं आयतं उत्तर येतं, आणि ज्यांच्या पानांतून ते घेतलं त्यांच्याकडे जायची कुणाला गरजच वाटत नाही.

फीड, म्हणजे आपोआप समोर येत राहणारी नोंदींची रांग, आली ती तू अगदी लहान असताना. जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट सुरू झालं. मित्राचं काय चाललंय ते बघायचं तर तिथे त्याच्या पानावर जायचं, त्याच्या स्क्रॅपबुकात चार ओळी लिहायच्या, मग तो आपल्या पानावर येऊन उत्तर द्यायचा. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणलं आणि हे जाणं-येणं संपवलं. तेव्हा वापरणारे चिडले होते, फेसबुकवरच निषेधाचे गट निघाले होते. मग सवय झाली. पुढे पानाला तळ राहिला नाही. जेवताना वाढपी पानातलं संपायच्या आत वाढत राहिला की किती जेवलो याचा अंदाज राहत नाही, तसं वाचण्याचं झालं. निदान वेळेचा क्रम तरी होता, म्हणजे आधी लिहिलेलं खाली आणि नंतरचं वर. २०१६ मध्ये ट्विटर आणि इन्स्टाग्राम दोघांनीही तो मोडला, आणि तुला काय दिसावं हे तुझ्या रेंगाळण्यावरून ठरायला लागलं.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं, आणि त्याला मी कधीही नावं ठेवणार नाही. १९९८ चं इंटरनेट होतं तरी कुणाचं? शहरात राहणाऱ्याचं, इंग्रजी वाचता येणाऱ्याचं, आणि बहुतकरून पुरुषांचं. कॅफेत प्लायवूडचे खण केलेले असायचे. शेजारच्या खणात काय चालू आहे ते कळायचं, आणि बाईमाणूस एकटं आत शिरलं की माना वळायच्या. मी दाराजवळचाच खण मागून घ्यायचे आणि तो मोकळा नसेल तर परत फिरायचे. आज माझी आई फोनशी मराठीत बोलून तिला हवं ते कीर्तन शोधते. तेव्हा पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस.

मला हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. एवढी माणसं आली ती थेट ॲपमध्ये आली. ब्राउझर, पत्त्याची पट्टी, एखादं पान नेमकं कुणाचं आहे हे बघायची सवय, यांची त्यांच्याशी ओळखच कुणी करून दिली नाही. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळा डेटा दर लावायला मनाई केली, त्यामुळे मोजक्याच साइटी फुकट दाखवणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स भारतात थांबलं. वेब मोजक्या साइटींपुरतं होण्यापासून आपण कायद्याने वाचलो आणि मग स्वतःहून चार ॲपांत जाऊन बसलो.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. तू लिहिलंस, ‘इंग्रजी पानं नीट उघडतात, मराठी मात्र बरीच करप्ट झाली आहेत, नुसता कचरा दिसतो.’ ती करप्ट झालेली नाहीत. त्यातला मजकूर अक्षरन् अक्षर शाबूत आहे. तो तुला वाचता येत नाही एवढंच, आणि तो वाचता यावा असं काम करणारं माणूस आज हवं आहे.

झालं असं. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, तिच्यात देवनागरी अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून होती. पण आपल्यासमोरच्या संगणकांना ती दाखवता येत नव्हती. म्हणून प्रत्येकाने आपापली युक्ती काढली. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं दाखवतो आहोत, आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं काढायचा. एका फॉन्टात ज्या कळेवर ‘क’ तिच्यावर दुसऱ्यात ‘घ’. जवळजवळ प्रत्येक दैनिकाचा फॉन्ट निराळा, आणि पानाच्या डोक्यावर ठळक सूचना, ‘मराठी दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्या’. पानाबरोबर फॉन्ट आपोआप पाठवायची तंत्रं नंतर आली, पण नेटस्केप या ब्राउझरचं वेगळं आणि इंटरनेट एक्सप्लोररचं वेगळं. एकात दिसलं की दुसऱ्यात फुटलं.

आमच्याकडे रात्री छपाईची पानं सुटली की काम सुरू व्हायचं. छपाईच्या फॉन्टातला मजकूर वेबच्या फॉन्टात बदलायचा. बदलताना जोडाक्षरं फुटायची. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्य’ डोळ्यांनी हुडकून हाताने बसवायची, मग एफटीपीने एकेक पान वर चढवायचं. फोनची लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. पहाटे दुबईहून किंवा कॅलिफोर्नियाहून एखादी मेल यायची, आज पान तीन उघडत नाही म्हणून. ज्या माणसाच्या गावात वर्तमानपत्र एस.टी.ने दुपारी पोचायचं, तो तिकडे परदेशात गावाकडच्यांच्या आधी बातमी वाचत होता, आणि एक पान नाही उघडलं तर कळवत होता. एवढ्या आस्थेने मला नंतर कुणी काही कळवल्याचं आठवत नाही.

या फॉन्टांचा सगळ्यात मोठा तोटा असा की शोधयंत्राला मराठी दिसत नव्हतं. ‘पाऊस’ शोधलं तर त्यातलं एकही पान सापडायचं नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे ‘पाऊस’ लिहिलेलंच नव्हतं. विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर मंगल हा युनिकोडचा फॉन्ट आला आणि चित्र बदललं. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ मध्ये मनोगत हे मराठी संकेतस्थळ आलं. मायबोली हे संकेतस्थळ तर १९९६ पासून होतंच, तेही या सगळ्या स्थित्यंतरांतून गेलं. लोक हळूहळू युनिकोडात लिहू लागले.

युनिकोड आलं म्हणून सगळं सुरळीत झालं असंही समजू नकोस. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत आपण ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत होतो, आणि अनेक जण अजून तसंच लिहितात. दिसायला ‘अॅप’ आणि ‘ॲप’ सारखेच, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘दुसर्‍या’ आणि ‘दुसऱ्या’ यांचंही तेच. एकात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह, दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ. तुझ्या शोधपेटीने दोन्ही धरली नाहीत तर वाचणाऱ्याला निम्मंच सापडेल, आणि निम्मं हरवलं आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही. हे कुठल्या परदेशी तयार फ्रेमवर्कमध्ये आयतं मिळेल अशा भरवशावर राहू नकोस. मराठी साइट बांधशील तेव्हा पहिल्या दिवशी हे तपास.

आणि मग जुनं वाऱ्यावर गेलं. मी होते त्या दैनिकाने युनिकोडवर जाताना नवी साइट कोऱ्या पाटीने सुरू केली आणि जुन्या सर्व्हरवरची वर्षानुवर्षांची पानं बंद केली. खर्च परवडत नाही असं सांगितलं गेलं. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनावरचे लेख होते त्यात, गावोगावच्या वार्ताहरांनी लिहिलेले. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जगभर हेच झालं. हौशी लोकांच्या पानांचं मोठं गाव म्हणावं असं जिओसिटीज याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केलं. स्वयंसेवकांनी शेवटच्या दिवसांत रात्रंदिवस उतरवून घेतलं म्हणून त्यातलं पुष्कळ वाचलं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नाहीत. कागदावरचं मराठी ग्रंथालयांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनी सांभाळलं. पडद्यावरच्या मराठीला तसं घर मिळालं नाही.

म्हणून मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत.

पहिली सोपी, आणि ती तुझ्यापुरती. सकाळी फोन उघडलास की फीडवर जाण्याआधी स्वतः ठरवलेला एक पत्ता उघड. ज्यांचं लिहिणं आवडतं त्यांची पानं बुकमार्क करून ठेव आणि त्यांच्याकडे जा. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला तेव्हा आरएसएस, म्हणजे साइटींवरचं नवं लिखाण आपल्या यादीत आणून देणारं तंत्र, संपलं असं सगळे म्हणाले. ते संपलेलं नाही. पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात, पुष्कळ बातम्यांच्या साइटी ते देतात, यूट्यूबच्या चॅनेललाही आरएसएस असतं. एखादा साधा रीडर घे आणि त्यात वीसेक जागा घाल. तिथे वेळेचा क्रम असतो आणि यादी संपते. यंत्राने दिलेलं उत्तर वाचलंस तर त्याखालचा मूळ दुवा उघडायची सवय लाव. तू लिहिशील तिथे दुसऱ्यांचे दुवे सढळ हाताने दे, दोन ओळी लिहून दे, की हे का वाचावं. स्वतःचं एक पान मात्र हवंच, स्वतःच्या पत्त्यावर. देवनागरीतला ‘.भारत’ पत्ता २०१४ पासून मिळतो, तो घेतलास तर मला विशेष आवडेल. पान हलकं ठेव. आजकालचं सर्वसाधारण पान दोन एमबीच्या पुढे असतं. आमच्या ५६ केच्या मोडेमवर, सेकंदाला पाचेक केबी मिळत असताना, ते उघडायला सहा-सात मिनिटं लागली असती. डोंगरी वाडीत टॉवर लांब असताना आजही माणूस असाच गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो. त्याच्यासाठी बांध.

दुसरी गोष्ट मेहनतीची. वेबॅकमध्ये कचरा दिसणारं एक मराठी पान निवड. दैनिकाचं घेऊ नकोस, त्यावर त्यांचा हक्क आहे आणि परवानगीत वर्षं जातील. एखाद्या हौशी माणसाचं घे, संतवाङ्मयावरचं, गडकिल्ल्यांवरचं, एखाद्या गावच्या जत्रेवरचं. पानावर त्याचा पत्ता असेल तर आधी त्याला लिही. बहुतेकांना भरून येतं, माझा अनुभव आहे. आपलं लिहिलेलं अजून कुठे आहे हेच त्यांना माहीत नसतं. वेबॅकला शोधायला नेमका पत्ता लागतो, तर तो जुन्या कागदांत शोध. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघालेले दिवाळी अंक काढून त्यांतल्या जाहिराती बघ, कंपन्यांची लेटरहेडं बघ, लोकांच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर बघ. एक पान सापडलं की त्यातल्या ‘आवडत्या दुव्यां’तून दहा मिळतात.

मग पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघड. त्यात ‘फॉन्ट फेस’ असं लिहून पुढे फॉन्टचं नाव दिलेलं असतं. ते मिळालं की कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर याचा तक्ता करता येतो. नेहमीच्या फॉन्टांचे बदलक लोकांनी पूर्वीच करून ठेवले आहेत, बाकीच्यांचा तक्ता हाताने करावा लागतो. नुसती अदलाबदल करून भागत नाही हे मात्र आधीच सांगते. जुन्या फॉन्टांत जे जिथे दिसतं तिथे ते टाइप केलेलं असतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती ‘क’च्या आधी येते. युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर हवी. रफार उलटा. ‘सूर्य’मध्ये तो ‘य’वर दिसतो म्हणून जुन्या मजकुरात ‘य’नंतर येतो, युनिकोडला मात्र ‘र्’ आधी लागतो. या दोन उड्या प्रोग्रॅमला शिकव, आणि शेवटी माणसाच्या डोळ्यांनी ओळ न् ओळ वाच. ‘श्री’ आणि ‘स्त्री’ यंत्रावर सोडू नकोस. तयार झालेलं पान चांगल्या जागी ठेव, मूळ पानाचा दुवा वर दे, लेखकाचं नाव दे, आणि नवं पानही वेबॅकमध्ये जतन करून टाक.

पान निवडलंस की त्याचा पत्ता आणि सोर्समधलं फॉन्टचं नाव मला कळव. काही जुन्या फॉन्टांचे तक्ते माझ्याकडे आहेत, लागू पडेल तो पाठवते. सुरुवात ऱ्हस्व वेलांटीपासून कर. ती जागेवर बसली की मजकूर पुष्कळसा वाचता येऊ लागतो आणि मग पुढच्या चुका डोळ्यांना आपोआप दिसतात.

कळावे,
ताई